काळ्या पँटवर चालतील का?

बूट घ्यायला माणसं आमच्या दुकानात येतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. बूट काढायला आलेला पहिला माणूस तो.

बाजाराचा दिवस होता. दिवाळी होऊन गेलेली, कापूस निघालेला, त्यामुळे पांढरकवड्याच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जिनिंग मिलकडे जाणाऱ्या गाड्यांतून कापसाचे पुंजके उडत होते आणि आमच्या शोकेसच्या काचेला येऊन चिकटत होते. मी एका बाईला चपला दाखवण्यात गुंतले होते. तेवढ्यात एक उंच, सडपातळ मुलगा लंगडत आत आला, बाकावर टेकला आणि कोणाला काही न विचारता बुटांच्या लेस सोडायला लागला.

"काय दाखवू?" मी विचारलं.

"काही नाई..." डोळे मिटूनच तो म्हणाला. "बूट घ्याले नाई आलो, काढाले आलो. जरा बसू द्या फक्त. लई उपकार होतीन."

बूट निघाले, मोजे निघाले. दोन्ही टाचा सोलून लाल झालेल्या. माझा जीव कळवळला, पण दुकानात बसून मी एक शिकले आहे, जीव कळवळला की आवाज आणखी करडा करायचा.

"हे बूट तुमचे नाईत."

त्याने डोळे उघडले. "तुमाले कसं समजलं?"

"पाय नऊ नंबरचा अन् बूट आठचा. चोरीचे हायेत का?"

"भावाचे हायेत," तो म्हणाला, आणि मग प्रामाणिकपणे विचार करून, "चोरी नाई म्हणता येत. त्यानंच देले."

त्याचं नाव जीशान. घाटंजीचा. वडील ट्रॅक्टरचे मिस्त्री. तहसीलजवळच्या सरकारी ऑफिसात नुकताच क्लार्क म्हणून लागला होता आणि इथेच खोली घेऊन राहत होता. पहिल्या दिवशी सँडल घालून गेला तर साहेबांनी चष्म्यावरून पायांकडे पाहिलं. म्हणून मोठ्या भावाचे, जमीरभाईचे बूट घातले, तर भावाच्या बुटांनी पाय खाल्ले.

खरं तर त्याला माझं उमेरा हे नाव कळल्यावर आम्ही दोघांनी घरच्यासारखं हिंदीत बोलायला हवं होतं. पण सुरुवात वऱ्हाडीत झाली ती झाली. आणि पुढे लक्षात आलं की भांडायला वऱ्हाडीच बरी पडते.

मी फळीवरचा एक डबा काढला. गडद तपकिरी रंग, साधा पंजा, वर नक्षी नाही, भोकं नाहीत, बारीक लेस, खाली रबरी सोल. अब्बांनी, म्हणजे शब्बीर शेठनी, मला दुकानात बसवलं तेव्हा पहिल्यांदा हाच जोड समजावून सांगितला होता. नोकरीच्या माणसाला एकच जोड घ्यायचा असेल तर हा.

"हे घाला. ऑफिसले घाला, लग्नात घाला, ईदले घाला. निळ्या पँटवर चालतीन, करड्या पँटवर चालतीन, खाकीवर चालतीन, जीन्सवर चालतीन. पाऊस आला तरी सोल घसरत नाई."

त्याने घातले. उठून आरशापर्यंत गेला, परत आला. चेहरा असा उजळला की मी बिलबुकाकडे हात नेला.

"काळ्या पँटवर?" त्याने विचारलं.

"काळ्या पँटवर काळे बूट घालतात."

"माझी एक काळी पँट हाये."

"मग तेवढी घालू नका."

"चांगली हाये पण..." तो हळहळून म्हणाला. बूट काढले, एकाशेजारी एक नीट ठेवले, एक साधी रबरी चप्पल घेतली, भावाचे बूट लेसला धरून हातात लटकवले आणि दारात थांबून म्हणाला, "विचार करून उद्या येतो."

असं सगळेच म्हणतात. कोणी येत नाही. हा आला.

दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला, आणि मग ऑफिस सुटलं की भावाचे बूट बदलून रबरी चपलांत आमच्या बाकावर येऊन बसायचं हे ठरूनच गेलं. मी टॅन काढले, तर "हे जरा जास्तच हसून राह्यले" म्हणाला. बूट हसतात हे मला नवीन होतं. चॉकलेटी काढले, तर लांबून काळे दिसतात. बकलवाले काढले, तर साहेबांचे तसेच आहेत, बरं दिसणार नाही. लोफर काढले, तर "हे लग्नात चालतीन, पण मय्यतीत?" मी म्हटलं, मय्यतीत बूट बाहेरच काढतात हो! तर म्हणे, बाहेर काढलेले तरी लोक पाहतातच.

मी कपाळावर हात मारला. तो माझ्याकडे पाहून हसला. हसताना त्याचा एक गाल आत जातो. हे मला पाहायचं नव्हतं, पण समोर बसून माणूस रोज तेच करत असेल तर दिसणारच.

एका रविवारी दुपारी तर कमाल केली. शोकेसमधला एक बूट हातात घेतला, डब्यातला त्याचा जोडीदार दुसऱ्या हातात घेतला आणि सरळ रस्त्यावर जाऊन उन्हात उभा राहिला. समोरच्या कापड दुकानातले नेमसिंग काका गिऱ्हाईक सोडून गंमत बघायला लागले.

"काय झालं आता?" मी पायरीवर येऊन ओरडले.

"हे दोन रंग हायेत."

"एकच जोड हाये तो! एकाच डब्यातून आला!"

"तुम्ही या इकडं. उन्हात पाहा."

मी तणतणत खाली उतरले. पाहिलं. खरंच दोन रंग होते. आमची शोकेस पश्चिमेला. दुपारपासून ऊन सरळ काचेवर. दाखवायला ठेवलेला डावा बूट उन्हाने फिकट पडला होता, डब्यातला उजवा होता तसाच गडद. इतके महिने आम्हा घरच्यांच्या ते नजरेत आलं नव्हतं.

"पॉलिश मारली की होतो बरोबर," मी म्हणाले.

"होईन ना," तो पटकन म्हणाला. मला हरवल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर कुठे दिसतोय का, हे मी बारकाईने पाहिलं. नव्हता. तो माझ्या खांद्याकडे बघत होता. "तुमच्या... ओढणीले..."

"काय?"

"कापूस लागला हाये."

हात पुढे आला, अर्ध्यात थांबला आणि परत गेला. मग त्याने स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून दाखवलं, कुठे ते. मी पुंजका झटकला. तो उडून त्याच्या शर्टाला चिकटला. नेमसिंग काका समोरून खोकले. मी धाडधाड पायऱ्या चढून आत आले आणि कितीतरी वेळ एकच डबा फळीवर ठेवत राहिले.

आमच्याकडे लग्नाचे बूट कसे घेतात, ते इथे सांगायला हवं. नवऱ्या मुलाचे कपडे आणि बूट मुलीकडचे देतात. रिश्ता पक्का झाला की मुलाच्या घरून कागद येतो. कागदावर मुलाला उभं करून पेन्सिलीने काढलेला त्याचा पाय. तो कागद घेऊन मुलीचा बाप किंवा भाऊ दुकानात येतो. नवरदेव स्वतः येत नाही. मुलीकडच्यांनी निवडलेले बूट घालायचे आणि छान आहेत म्हणायचं, एवढंच त्याचं काम.

एका संध्याकाळी असेच एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचे बूट घ्यायला आले. मी कागदावर बूट ठेवून माप बघत होते. जीशान बाकावरून सगळं पाहत होता. ते गेल्यावर म्हणाला, "जमीरभाईच्या लग्नात असाच कागद गेलता. अम्मीनं काढला होता पाय. सासरहून लई झकास बूट आले त्याले."

"मग तुमाले काय?"

"मले त्याचे जुने आले," तो हसला. "मले नेहमी जमीरभाईचेच आले, मॅडम. शाळेचे बी, कॉलेजचे बी. आधी मोठे व्हायचे, अब्बा पंजात कापूस कोंबून द्यायचे. मग माझा पाय त्याच्यापेक्षा वाढला, तं लहान व्हाले लागले. बरोबर असा एकबी नाई आला." त्याने हातातला बूट उलटा करून सोल पाहिला. "हा पहिला जोड मी निवडून राह्यलो. म्हणून जरा वेळ लागून राह्यला. तुमाले तरास होते, मले समजते..."

आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? मी त्या दिवशी त्याला चहा दिला. हीच चूक झाली. कारण चहा नेऊन दिला की आमच्या गल्लीत लग्नाची अर्धी बोलणी झाली असं समजतात.

दुकानाच्या मागेच आमचं घर. मध्ये एक पडदा. त्या पडद्यामागे माझी अम्मी, जुबैदा, हिचे कान कायम दुकानात असतात. त्याच संध्याकाळी तिने मला भाजी निवडायला बसवलं आणि मोबाइलवरचा फोटो पुढे केला. आदिलाबादचा मुलगा. टाइल्सचं दुकान, स्वतःचं घर, दाढी व्यवस्थित. माणसं भली होती, घाई मात्र त्यांना होती. जुम्म्याला, म्हणजे येत्या शुक्रवारी, हो की नाही सांगा, म्हणाले होते.

"मुलगा चांगला हाये," अम्मी म्हणाली.

"असन."

"का तो बूटवाला काही बोलला?"

"कोण बूटवाला? बूटवाले तं आपण हाओ."

"उमेरा, मले शिकवू नको. माणूस बुटांसाठी इतक्या वेळा येत नसते. नेमसिंगची बायको बी विचारून राह्यली होती. त्याच्या मनात असन तं त्यानं घरच्यांले पाठवावं. नसन तं मी आदिलाबादले हो सांगते. तुले कोणी पसंत नाई, मग नाई कायले म्हणाचं?"

मला कोणी पसंत नाही! मी मेथीची जुडी अशी तोडली की पानांबरोबर काड्याही भांड्यात गेल्या. मला तो पसंत होता. त्याचा आत जाणारा गाल, उन्हात बूट धरून उभं राहणं, कापसापर्यंत येऊन परत गेलेला हात... सगळंच पसंत होतं. आणि अम्मी म्हणत होती तेच मलाही वाटत होतं. बुटांसाठी कोणी इतकं येत नाही. तो माझ्यासाठीच येत होता. फक्त बोलण्यापाशी घोडं अडलं होतं. मी वाट पाहायचं ठरवलं. जुम्म्यापर्यंत बोलेलच की.

सोमवारी तो बेल्टवर बोलला. बेल्ट बुटाच्या रंगाचाच हवा का, थोडा इकडेतिकडे चालेल? मंगळवारी मोज्यांवर. बुधवारी माझ्याकडे खूप वेळ पाहत बसला, काहीतरी बोलणार असं वाटलं, माझ्या हातातली किल्ली खाली पडली, आणि तो म्हणाला, "मॅडम, लेस गोल चांगली का चपटी?"

माझ्या डोक्याला जो ताप झाला तो कोणत्या गोळीने उतरला असता ते सांगता येत नाही.

गुरुवारी तो आला तेव्हा अब्बा आत नमाज पढत होते. दुकान रिकामं होतं. त्याने स्वतःच फळीवरून एक डबा काढला आणि एक बूट हातात घेऊन बाकावर बसला. मी समोर जाऊन उभी राहिले.

"जीशान साहेब, एक विचारू? खरं सांगाचं."

"विचारा ना."

"तुम्ही इथं कायले येता?"

तो गोंधळला. हातातल्या बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बुटांसाठी."

"खरं सांगा म्हणलं."

"खरंच बुटांसाठी, मॅडम. अजून कायले येईन?"

खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा मला कळतो. दुकानात बसून एवढं तरी कळतंच. हा खोटं बोलत नव्हता. त्या येड्याला खरोखर बूटच घ्यायचे होते! सगळी गल्ली, नेमसिंग काकांची बायको, माझी अम्मी आणि मी, आम्ही सगळ्यांनी मिळून एक प्रेमकहाणी रचली होती आणि तिच्यातल्या नायकाला ती कोणी कळवलीच नव्हती.

माझे कान तापले. आता मागे फिरणंही शक्य नव्हतं.

"आदिलाबादहून रिश्ता आला हाये मले," मी म्हणाले. "उद्या जबाब द्याचा हाये."

त्याने बूट मांडीवर ठेवला. लेस बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. शेवटी त्याने तोंड उघडलं.

"काय करतात ते?"

"टाइल्सचं दुकान हाये."

"टाइल्स..." तो हळूच म्हणाला. "चांगला धंदा हाये."

"निघा," मी म्हणाले.

"काय?"

"बूट ठेवा खाली अन् निघा! बसस्टँडजवळ दुसरं दुकान हाये, तिथं जा. गोल लेस घ्या, चपटी घ्या, काळ्या पँटवर घाला का डोक्यावर घाला. पण इथं येऊ नका!"

तो उठला. बूट डब्यात ठेवला, वरचा पातळ कागद नीट दुमडला, झाकण लावलं. दारात एकदा थांबला. मी पाठ फिरवली. रबरी चपलांचा आवाज पायऱ्या उतरून गेला.

संध्याकाळी अम्मीने विचारलं, "मग? काय सांगू त्यायले?"

"तुमाले वाटते ते सांगा."

"तुझं मन काय म्हणते?"

"माझं मन काही म्हणत नाई," मी म्हणाले आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. कोणी फसवलं असतं तर निदान शिव्या देता आल्या असत्या. याने तर काहीच केलं नव्हतं. बूट पाहिले होते, बस.

बाहेर आले तर अब्बा दुकानात एकटेच बसून शोकेसमधल्या त्या फिकट बुटाला पॉलिश लावत होते. मला म्हणाले, "अजून एक हात लागन." मी म्हटलं, लावा.

शुक्रवार उजाडला. दुपारच्या नमाजनंतर फोन करते, असं अम्मी म्हणाली होती. अब्बा मशिदीतून आले, गल्ल्यावर बसले. पडद्यामागे अम्मी मोबाइलमध्ये नंबर शोधत होती. नंबर शोधताना ती मोठ्याने वाचते. मी डबे पुसत होते. आमच्या दुकानात इतके स्वच्छ डबे पूर्वी कधी झाले नसतील.

आणि पायरीवर रबरी चपला वाजल्या.

तो आत आला. पायात त्याच चपला, शर्टाची इस्त्री मोडलेली, बसमधून उतरून सरळ आल्यासारखा. माझ्याकडे पाहिलं नाही. अब्बांसमोर जाऊन सलाम केला आणि म्हणाला, "चाचा, एक माप द्याचं हाये."

खिशातून घडी केलेला कागद काढून त्याने गल्ल्यावर ठेवला. अब्बांनी चष्मा लावून तो उलगडला. दोन पावलं. पेन्सिलीने काढलेली, टाचेजवळ रेघ जरा हललेली.

"कोणाचं माप हाये?"

"माझं."

"तुम्ही तं उभे हाओ ना इथं," अब्बा म्हणाले. "पाय दाखवा. कागद कायले पाह्यजे?"

"नवरदेवाचं माप कागदावरच येते, चाचा."

पडद्यामागे मोठ्याने वाचला जाणारा नंबर मध्येच थांबला. माझ्या हातातलं फडकं कुठे पडलं ते मला कळलं नाही.

पण राग असा लगेच जातो थोडाच! "काल तं बुटांसाठी येत होते," मी म्हणाले.

"हो," तो माझ्याकडे वळला. "बुटांसाठीच येत होतो. मले तरी असंच वाटे. काल तुम्ही हाकललं, तं मी बसस्टँडजवळच्या दुकानात गेलतो. तिथं पहिलाच जोड पायात बसला. रंग बी चांगला, सगळंच चांगलं. दुकानदार म्हणे, बांधू का?" तो थांबला. "मी हो म्हणणार होतो... अन् एकदम वाटलं, हे घेतले तं उद्या ऑफिस सुटल्यावर कुठं जाऊ?"

रस्त्यावरून एक कापसाची गाडी गेली.

"तिथंच ठेवले ते बूट," तो म्हणाला. "सीधा घाटंजीची गाडी धरली. अम्मी-अब्बाले सांगितलं. अम्मीनं पाय काढून देला. रविवारी येऊन राह्यले ते दोघं. पण तुमचा जबाब आज जाणार होता, म्हणून माप आधी घेऊन आलो." मग त्याने आवाज खाली आणला, पण दुकान एवढंसं, सगळ्यांनाच ऐकू आलं. "जिंदगीत पहिल्यांदा आपले बूट आपण निवडाचा मौका होता. पण आता मले नाई निवडाचे. तुम्हीच निवडा... जे देसान ते घालीन."

मला माझ्या चेहऱ्याचं काय करावं ते कळेना. अब्बांनी कागदाची घडी केली. ती त्याला परत दिली नाही आणि स्वतःजवळही ठेवली नाही. माझ्यापुढे धरली.

"गिऱ्हाईक तुझं हाये, उमेरा," ते म्हणाले. "घ्याचं का नाई, तूच सांग."

इतक्या दिवसांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. अम्मीने मन विचारलं होतं, पण तेही आदिलाबादचा फोन हातात धरून. मी कागद घेतला.

आणि मग मला सगळं आठवलं. टॅन, चॉकलेटी, बकलवाले, लोफर, मय्यत, गोल लेस, चपटी लेस.

मी कागद घेऊन पायरीवर गेले. उन्हात धरला. उलटा केला, सुलटा केला. समोर नेमसिंग काका कापडाचा तागा हातात धरून उभे.

"उजवा पाय जरा मोठा आला," मी म्हणाले.

"हो... हाये थोडा," तो दारात येऊन उभा राहिला होता.

"डाव्याची टाच वाकडी हाये."

"ते अम्मीचा हात हालला..."

"हं." मी कागद पुन्हा लांब धरला. "घाईत नाई ठरवत मी. विचार करून उद्या सांगितलं तं चालन का?"

त्याचा चेहरा असा पडला, असा पडला, की पडद्यामागून अम्मीच ओरडली, "उमेरा! पुरे आता!" आणि अब्बा हसायला लागले. त्यांना हसताना मी खूप दिवसांनी पाहिलं.

मी आत आले. शोधायची गरज नव्हती, तो डबा मला झोपेतही सापडला असता. खाली काढला, झाकण उघडलं, कागदावर बूट ठेवून माप पाहिलं. गडद तपकिरी, साधा पंजा, बारीक लेस, रबरी सोल.

त्याने वाकून पाहिलं. "हे तं... पहिल्या दिवशीचे."

"हो."

"हेच?"

"हेच. आता तुमचं मत कोणी विचारून नाई राह्यलं. नवरदेवानं फक्त छान हायेत म्हणाचं."

"छान हायेत," तो म्हणाला. गाल आत गेला. बुटांकडे न पाहताच म्हणाला होता तो.

मी डब्यावर पेन्सिलीने 'जीशान' असं लिहिलं, आणि इतर डब्यांत नाही, गल्ल्यामागच्या आमच्या घरच्या फळीवर ठेवला. पडद्यामागे अम्मीला नंबर मिळाला होता आणि ती आदिलाबादच्या लोकांची मोठ्या अदबीने माफी मागत होती. अब्बांनी त्याला रविवारी किती माणसं येणार ते विचारलं. मग त्याने सलाम केला आणि निघाला. अगदी पायरीपर्यंत गेला. तिथे थांबला.

"उमेरा..."

मॅडम नाही, उमेरा. पहिल्यांदा.

"काय?"

"काळ्या पँटवर—"

हातात पॉलिशचा ब्रश होता, तो मी फेकला. त्याने तो हवेतच झेलला.

"निकाहले काळी पँट घालून आले ना, तं दारातून परत पाठवीन!"

"मग कोणती घालू?" त्याने अगदी मनापासून विचारलं. आणि घरी जायला निघालेला तो माणूस चपला पायरीवर काढून आत आला आणि परत आमच्या बाकावर येऊन बसला.